उपाशीपोटी

पावणेसातला शटर अर्धं वर जातं
आणि बिबवेवाडीतली भूक वाकून आत येते,
नंबर घेऊन बाकावर बसते.

मी प्रत्येकाला एकच विचारते,
अकरा वर्षं, त्याच आवाजात:
काही खाल्लं नाही ना?
इतकं सरळ देवळातही कुणी विचारत नाही.

आगटेकाका म्हणतात, छे, नुसता चहा, तोही बिनसाखरेचा.
मिशीवर खारीचा चुरा.
उद्या या, म्हणते मी.
ते मान खाली घालून उठतात
आणि खालच्या अमृततुल्यात जाऊन
उरलेला गुन्हा पुरा करतात.

हिंजवडीच्या कंपनीतला एक पोरगा आहे,
त्याची भूक मनगटावरचं घड्याळ मोजतं.
सोळा तास चोवीस मिनिटं, म्हणाला,
तेवढ्यात घड्याळ थरथरलं, शाबासकी दिली.
वजन उतरलं?
सहा किलो.
आणि झोप?
तो सुईकडे बघत राहिला.

पर्युषणात लोढाकाकूंना मुलानं धरून आणलं.
अठ्ठाईचा सातवा दिवस, फक्त उकळलेलं पाणी,
तेही सूर्य आहे तोवर.
शीर सापडेना. मी दंडाला पट्टा बांधून
मनगटापर्यंत चाचपडत गेले.
त्याच म्हणाल्या, सावकाश शोध गं.
भूक तिसऱ्या दिवशीच निघून गेली.
मग राग आला. सुनेवर, पंख्यावर,
दुधाच्या पिशवीला नीट कापत नाहीत त्यावर.
तोही गेला काल.
आणि आता?
आता कळतंय, आपण केवढ्या आवाजात राहत होतो.

मीही गुरुवार करते.
म्हणजे साबुदाण्याची खिचडी, वर दही,
चारला रताळ्याचा कीस,
मध्ये बटाट्याचा चिवडा, तो मोजत नाहीत.
देव काही बोलला नाही.
बोलला माझाच रिपोर्ट:
तीन महिन्यांची साखर, सहा पूर्णांक तीन.
डॉक्टर म्हणाले, कुंपणावर बसलायत.
कुठल्या बाजूला उतरायचं, ते ठरवा.

म्हणून त्यांना विचारूनच
एका गुरुवारी काहीच केलं नाही. पाणी, लिंबू, चिमूटभर मीठ.
अकराला भूक आली, भांडीवाल्या बाईसारखी, वेळेवर,
आपटली, धुसफुसली, गेली.
दुपारी मात्र घर हललं.
पोट रिकामं झालं की कपाट सरकवल्यासारखं होतं,
मागे काय काय सापडतं:
नणंदेनं परत न केलेल्या दोन बांगड्या,
पंधरा वर्षं न मागितलेल्या,
आणि वडिलांना शेवटच्या फोनवर म्हटलेलं
"नंतर करते."
बांगड्यांचं काही वाटलं नाही.
फोनजवळ बराच वेळ बसून राहिले.

संध्याकाळी पर्वतीमागे उजेड विझला.
मी पेज केली, पातळ, वर साजूक तूप थेंबभर.
पहिला घोट घेतला
आणि तांदूळ म्हणजे काय ते
बेचाळिसाव्या वर्षी कळलं.
जास्त काही नाही.
साक्षात्कार वगैरे म्हणू नका त्याला.

दुसऱ्या दिवशी रांगेत एक बाई होती,
अप्परच्या वस्तीतली, जनाबाई खवळे,
कामावरच्या मॅडमनी तपासणीला पाठवलेली.
काही खाल्लं नाही ना?
नाही ताई, काल सकाळपास्नं.
बारा तास पुरे होते हो, मी हसत म्हटलं.
तीही हसली, पण वेगळ्या कारणानं.
तिच्या उपवासाला तिथी नव्हती.

रक्त घेतलं. कापूस दाबून धरायला सांगितला.
डब्यातली पोळी-भाजी तिच्यापुढे सरकवली,
तिनं अर्धी पोळी मोडून मला दिली,
एकटीनं कसं खायचं, म्हणाली.

बाहेर पुढचा नंबर खाकरत होता.
तोंड पुसून मी हाक मारली, नवीन सुई फोडली,
विचारलं, काही खाल्लं नाही ना?
आणि पहिल्यांदाच
उत्तर येईपर्यंत थांबले.